फ्रीज बाहेरच्या खोलीत का?

गिरगाव, दादर किंवा लालबागच्या चाळीतील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात आपण कधी गेला असाल, तर एक गोष्ट ध्यानात आली असेल. शेगडी, मोरी, डबे-भांडी हा सारा संसार आतल्या खोलीत; फ्रीज मात्र बाहेरच्या खोलीत, पाहुण्यांच्या खुर्चीशेजारी, डोक्यावर क्रोशाचा रुमाल मिरवत उभा. महागाची वस्तू चारचौघांना दिसावी म्हणून, असे याचे नेहमीचे स्पष्टीकरण. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. फ्रीजची जागा ठरवण्यात भिंतीवरच्या तारांचाही हात होता.

मुंबईत वीज आली ती स्वयंपाकघरासाठी नव्हे. १८८२ साली क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे लागले. १९०५ मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज ही कंपनी स्थापन झाली आणि ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावू लागली. १९१५ पासून टाटांच्या खोपोली केंद्रातील जलविद्युत मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. म्हणजे परळ-लालबागमध्ये विजेचे मोठे गिऱ्हाईक होते ते गिरणी. त्याच गिरणगावात १९२० च्या दशकात बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. तळमजला आणि वर तीन मजले, एका इमारतीत ८० खोल्या, एक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. अशा खोलीत वीज शिरली ती दिव्याच्या रूपाने. लाकडी पट्टीवर क्लिपांनी बसवलेल्या दोन तारा, दाराजवळ लाकडी बोर्ड, त्यावर बेकेलाइटची गोल बटणे. पुढे पंखा आला, रेडिओ आला. बोर्ड तोच राहिला.

आपल्याकडील वायरमन एक जुना नियम शिकत आले आहेत. दिवे-पंख्यांच्या एका सर्किटवर जास्तीत जास्त दहा पॉइंट आणि एकूण भार ८०० वॉट. पॉवरच्या सर्किटवर दोनच पॉइंट आणि भार ३००० वॉट. हा भेद का, हे दहावीच्या गणिताने समजते. ६० वॉटचा दिवा २३० व्होल्टवर सुमारे ०.२६ अँपिअर प्रवाह घेतो. २००० वॉटचा गीझर घेतो ८.७ अँपिअर, म्हणजे ३३ पट. पण तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तीच तार गीझरला जोडली तर ती दिव्याच्या वेळेपेक्षा सुमारे ११०० पट उष्णता देईल! अशा वेळी फ्यूज उडतो, आणि कोणीतरी किटकॅटमध्ये जाड तार घालून ‘दुरुस्ती’ करतो. आता वितळायचे काम फ्यूजऐवजी भिंतीवरच्या वायरीकडे जाते.

फ्रीजची गोष्ट मात्र थोडी निराळी आहे. चालू असताना तो १५०-२०० वॉटच घेतो. मोटर सुरू होण्याच्या क्षणी प्रवाह कित्येक पट वाढतो हे खरे, पण खरी अडचण भाराची नव्हती. ती होती तिसऱ्या छिद्राची. दिव्याच्या जुन्या सर्किटला दोनच तारा असत. अर्थिंगची तार नसे. लाकडी बोर्डावरच्या बेकेलाइटच्या बटणाला तिची उणीव भासत नसे. फ्रीज मात्र लोखंडी पत्र्याचा. आतली फेजची तार सुटून पत्र्याला टेकली आणि अर्थिंग असेल, तर मोठा प्रवाह जमिनीत जातो व फ्यूज उडतो. अर्थिंग नसेल तर काहीच घडत नाही. फ्रीज गुपचूप ‘जिवंत’ होऊन उभा राहतो. मोरीजवळच्या ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या बाईने दार उघडले की तिच्या शरीरातून मंडल पूर्ण होते. ओल्या शरीराचा रोध १००० ओहम धरला तर प्रवाह २३० मिलिअँपिअर. आजचे गळतीरोधक स्विच ३० मिलिअँपिअरलाच वीज तोडतात, यावरून काय ते समजावे.

थ्री-पिनची वरची पिन जाड आणि लांब का असते, हे मुलांना जरूर विचारावे. लांब, म्हणून ती सर्वांत आधी जोडली जाते व सर्वांत शेवटी सुटते. जाड, म्हणून ती चुकूनही फेजच्या छिद्रात जात नाही. ही गोल पिनांची पद्धत ब्रिटिशांची. त्यांनी स्वतः १९४७ मध्ये चौकोनी पिनांचे नवे मानक काढले. आपण गोल पिनाच ठेवल्या.

गोदरेजने १८९७ मध्ये लालबागला कुलपे बनवायला सुरुवात केली. त्याच कंपनीने १९५८ मध्ये फ्रीज बनवला. तो मध्यमवर्गीय बिऱ्हाडात पोहोचला तेव्हा नवी तीन तारांची लाइन ओढणे आले. वायरमन मजुरी पॉइंटवर लावतो आणि वायरीची किंमत लांबीवर. वीज दाराजवळून आत येणारी; बाहेरची खोली सर्वांत जवळ, शिवाय कोरडी. मग फ्रीज आत न्यावा कशाला? मिक्सरचे तसे नव्हते. तो उचलून नेता येई, काम पाच मिनिटांचे. पाटा-वरवंटा सुटला, मात्र मिक्सर फिरू लागला की दिवा क्षणभर मंद होई. तारेतला विभवपात डोळ्यांनी दिसण्याचे इतके सोपे उदाहरण पाठ्यपुस्तकातही नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतील पहिल्या रहिवाशांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. अशा घरांत वायरी भिंतीच्या पोटात असतात. पॉइंट कोठे हवा हे प्लास्टर होण्यापूर्वी, कागदावरच ठरते, आणि कागद पाहणाऱ्यांत स्वयंपाक करणारी व्यक्ती बहुधा नसते. मग फ्रीजचा सॉकेट नेमका फ्रीजमागे दडतो, आणि बटण बंद करायला सारे धूड ओढावे लागते. वास्तविक तो बाजूला, हात पोहोचेल असा हवा. मिक्सरचा ओट्याच्या वर, पण सिंक आणि शेगडी या दोहोंपासून दूर.

विद्यार्थ्यांना आपापल्या स्वयंपाकघराचा नकाशा काढायला सांगा. पॉइंट, नळ, शेगडी आणि फ्रीज एवढेच दाखवायचे, व प्रत्येक सॉकेटला छिद्रे दोन की तीन ते लिहायचे. तिसऱ्या छिद्रामागे तार खरोखर आहे का, हे नुसते पाहून कळत नाही. तेवढे काम परवानाधारक वायरमनचे. मुलांनी काहीही उघडू नये.