शिरगणती आणि बंद झोपड्या

परवा भाच्याचा फोन आला. तोही शिक्षक. "मामा, २०२७ च्या जनगणनेचं काम बहुतेक आमच्या गळ्यात पडणार," म्हणाला. मला एकदम १९८१ चा फेब्रुवारी आठवला. मी तेव्हा जव्हार तालुक्यातल्या एका गावी शाळेवर होतो (तेव्हा जिल्हा ठाणे, पालघर २०१४ साली झाला) आणि प्रगणक म्हणून नेमणूक झाली होती.

गाव कसले, लांब लांब विखुरलेले पाडे. शहरातली माणसे "आदिवासी गाव" म्हणून मोकळी होतात. पण वारल्यांचा पाडा वेगळा, कोकणांचा वेगळा, ठाकरांचा टेकडीपलीकडे. ठाकरांतही क आणि म असे दोन, आपसात सोयरीक नाही. महादेव कोळी स्वतःला वरचे मानत, आणि का मानू नयेत? जव्हारचे मुकणे राजे त्यांच्याच जमातीचे, १९४८ पर्यंत संस्थान होते. सरकारी तक्त्यात मात्र राजाचे भाऊबंद आणि कातकरी एकाच रकान्यात.

कातकऱ्यांच्या झोपड्या सगळ्यांत शेवटी, ओढ्याकाठी. खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते कातकरी. इंग्रजांनी जंगल राखीव केले आणि तो धंदा गेला. जमीन बहुतेकांना नव्हतीच. मग कोळसा पाडणे, वीटभट्टी. दिवाळीनंतर भट्टीवाल्याची उचल घ्यायची, पोराबाळांसह भिवंडी-वसईकडे जायचे, पावसाच्या तोंडावर परतायचे. हजेरीपटात ही मुले मला पावसाळ्यातच भेटत.

आणि शिरगणती ९ ते २८ फेब्रुवारी! मी गेलो तेव्हा बहुतेक दारांना काटेरी फांद्या लावलेल्या. एक म्हातारी तेवढी शेकत बसलेली. तिने घरोघरची नावे घडाघडा सांगितली, सुना, नातवंडे, तान्ह्यांसकट. पण नियम असा की जो सबंध मुदतभर बाहेर असेल त्याची मोजणी जिथे सापडेल तिथे. म्हणजे भट्टीवर मोजले गेले तरी ते भट्टीच्या गावचे. वरिष्ठांना विचारले, ते म्हणाले, बंद लिहा. मी लिहिले "कुलूप". कुलूप कुठले, दारच कुडाचे! विहीर मागायची, बालवाडी मागायची तर आधी लोकसंख्या विचारतात, आणि कागदावर त्या पाड्यात एक म्हातारी.

गंमत पाहा, त्याच गणनेत राज्यातले आदिवासी १९७१ च्या सुमारे साडेएकोणतीस लाखांवरून पावणेअठ्ठावन्न लाखांवर गेले. पाळणे काही दुप्पट हलले नव्हते. पूर्वी काही जमाती ठरावीक भागांतच अनुसूचित धरल्या जात, ते क्षेत्रबंधन १९७६ च्या कायद्याने उठले. नावाच्या साधर्म्यामुळे पुढे बरेच वादही झाले, असो. एका कायद्याने लाखो माणसे यादीत आली, आणि आमच्या ओढ्याकाठची माणसे माझ्या हातून गळली. सौ. म्हणते, नियमच तसा होता. होता खरा.

कातकरी आज राज्यातल्या तीन विशेष दुर्बल जमातींपैकी एक आहेत. कोलाम आणि माडिया गोंड या दुसऱ्या दोन.

यंदाही संदर्भ दिनांक १ मार्चच ठरला आहे. म्हणजे मोजणी पुन्हा भट्ट्यांच्या ऐन हंगामात. भाच्याची शाळा भिवंडीकडे. त्याला म्हटले, भट्ट्यांवर स्वतः जा, आणि नुसते "मजूर" लिहून सुटू नकोस, जमात विचार, तान्ही मुलेसुद्धा लिही.

तो म्हणाला, "मामा, भट्टीवाला आत सोडेल का?"