एकटी मुसाफिर आणि मिटलेले रस्ते

यंदाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, असे संपादिकाबाईंनी सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात अहिल्याबाई किंवा ताराराणी असणार हे मी ओळखले. त्या दोघींवर अधिकाराने लिहिणाऱ्या भगिनी आपल्या मंडळात आहेत. मला मात्र आज अगदी अलीकडच्या काळातली एक हकीकत सांगावीशी वाटते. ती आहे एका इंग्रज मुलीची. मोटारसायकलवर बसून ती पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली आणि मद्रास, कलकत्ता, काठमांडू, दिल्ली करीत आपल्या मुलखातून गेली. ‘यात इतिहास तो कोणता?’ असे कोणी विचारील. परंतु राज्ये उलथतात, सरहद्दी मिटतात, लढाया होतात, त्यांचा जाब प्रत्यक्ष रस्त्यावरच्या माणसाला कसा द्यावा लागतो, ते या प्रवासात जितके स्पष्ट दिसते तितके ते जाड ग्रंथांतही क्वचितच दिसते.

मुलीचे नाव एल्स्पेथ बिअर्ड. जन्म १९५९ चा, राहणारी लंडनची, शिक्षण वास्तुशास्त्राचे. पहिली तीन वर्षे पुरी झाल्यावर १९८२ च्या शरद ऋतूत ती निघाली. गाडी होती बी. एम. डब्ल्यू. कंपनीची, १९७४ सालची, सहाशे सी. सी. ची, आणि तीही जुनी, दुसऱ्याच्या हातून घेतलेली. तिचे वजन दोनशे किलोच्या वर. आपल्याकडे १९७२ साली निघालेली पन्नास सी. सी. ची लूना पुण्याच्या मुली चालवू लागल्या, तेव्हा केवढी चर्चा झाली होती! त्या मानाने हे धूड आडवे पडले तर एकटीने उभे कसे करायचे, हाच पहिला प्रश्न. पैसे तिने पबमध्ये काम करून साठविले होते. मोटारसायकलींच्या मासिकांकडे तिने मदतीसाठी विचारणा केली, पण कोणी दाद दिली नाही. कोणा कंपनीचा आश्रय नाही, बरोबर सोबत नाही, अशी ती गाडी बोटीने न्यूयॉर्कला पाठवून मार्गाला लागली.

अमेरिकेचा भाग मी थोडक्यात आटोपते. तेथून ती ऑस्ट्रेलियात गेली. सिडनीत एका वास्तुशिल्पीच्या कचेरीत काही महिने नोकरी करून तिने पुढची पुंजी जमविली, आणि सामानासाठी अॅल्युमिनियमच्या कुलूपबंद पेट्या स्वतःच्या हाताने तयार केल्या. (शिक्षणाचा उपयोग असाही होतो!) टाउन्सव्हिलजवळ तिला अपघात झाला, तेव्हा तिला रुग्णालयात पडून राहावे लागले. सिंगापुरात तिचे पारपत्र आणि सारी कागदपत्रे चोरीला गेली. ती पुन्हा मिळवायला सहा आठवडे लागले.

खरी कसोटी आशियातच लागली. थायलंडमधून ब्रह्मदेशमार्गे हिंदुस्थानात यावे, असे नकाशा पाहणाऱ्या कोणालाही वाटेल. परंतु ब्रह्मदेशातून परकीय प्रवाशाला खुष्कीने पलीकडे जाता येत नव्हते. तेव्हा मलेशियातील पेनांगहून गाडी बोटीवर चढवून ती मद्रासला उतरली. तेथून कलकत्ता, आणि पुढे डोंगर चढून नेपाळची राजधानी काठमांडू. तेथे तिला भेटायला तिचे आईवडील विमानाने आले होते. दीड वर्षाहून अधिक काळ घर सोडलेल्या लेकीला त्यांनी अशा दूरच्या गावी पाहिले. त्या भेटीत काय काय बोलणे झाले असेल, याची कल्पना आपण आयांनी करावी. त्यांनी तिला विमानात बसवून परत नेले नाही, एवढे मात्र खरे. काठमांडूलाच तिला एक डच मोटारसायकलस्वार भेटला, आणि पुढचे काही टप्पे दोघांनी बरोबरीने काटले. तरीही तिची गाडी, तिचे पैसे आणि तिचा निर्णय ही शेवटपर्यंत तिचीच होती.

दिल्लीला ती आली ते वर्ष १९८४. जून महिन्यात अमृतसरच्या सुवर्णमंदिरात लष्कर शिरले होते आणि पंजाब परकीयांना बंद झाला होता. इकडे पाकिस्तानात जाण्याचा उघडा रस्ता तेवढा एकच, अमृतसरवरून वाघ्याचा. म्हणजे घरी जायची वाट होती ती नेमकी मिटलेल्या प्रांतातून! खास परवान्यावाचून पुढे सरकता येईना. त्या परवान्याच्या घोळातून सुटण्यासाठी अखेर आपण बनावट कागद केला, असे तिने पुढे स्वतःच सांगितले आहे. कायद्याच्या दृष्टीने हे गैरच, त्याचे समर्थन मी करीत नाही. तथापि मागे फिरायला वाट नाही आणि पुढे जायला मुभा नाही, अशा जागी जी उभी राहिली तिला दुरून शहाणपण शिकविणे मला जमत नाही.

येथे मला आणखी एक बाई आठवते. आन्-फ्रान्स दोतव्हील ही फ्रेंच लेखिका १९७३ साली सव्वाशे सी. सी. च्या कावासाकीवर अशीच एकटी निघाली होती. तीही भारत आणि पाकिस्तान करून अफगाणिस्तानातून, इराणमधून युरोपात परतली. त्याच वर्षी जुलैमध्ये अफगाणिस्तानचा राजा जहीरशाह पदच्युत झाला होता, तरीदेखील रस्ता खुला राहिला होता. पुढे १९७९ च्या डिसेंबरात रशियन फौजा त्या देशात शिरल्या. अकरा वर्षांनी आलेल्या एल्स्पेथला काबूलचे नावही काढता येईना. तिला बलुचिस्तानच्या वैराण मुलखातून इराण गाठावे लागले, आणि इराणचे तेव्हा इराकशी युद्ध चालू होते. तेथे स्त्रियांना मस्तक झाकण्याची सक्ती. तिने आपले शिरस्त्राण डोक्यावरून शक्य तो काढलेच नाही. त्यामुळे मस्तकही झाकले गेले आणि पाहणाऱ्यांना पुरुषच जात आहे असे वाटून गेले! त्याच देशात कावीळ अंगात घेऊन ती गाडी हाकीत होती.

तुर्कस्तान ओलांडून १९८४ च्या नोव्हेंबरात ती लंडनला पोहोचली. सुमारे ३५,००० मैलांचा प्रवास झाला होता. मोटारसायकलवर जगप्रदक्षिणा करणारी पहिली इंग्रज स्त्री, अशी तिची नोंद आज केली जाते. त्या वेळी मात्र कोणत्याही वर्तमानपत्राला किंवा कंपनीला तिची विचारपूस करावीशी वाटली नाही. तिनेही गाजावाजा केला नाही. राहिलेले शिक्षण पुरे केले, वास्तुशिल्पी झाली, आणि गोडाल्मिंगजवळचा एक जुना पाण्याचा मनोरा विकत घेऊन त्याचे राहते घर केले. त्या कामाला पुढे पारितोषिकही मिळाले. प्रवासातल्या वह्या पेट्यांत पडून राहिल्या. त्यांवरून तिचे ‘लोन रायडर’ हे पुस्तक निघाले ते २०१७ साली, म्हणजे ती घरी परतल्यानंतर तेहेतीस वर्षांनी.