ग्रॅव्हल सायकल

खडी, मुरूम, माती आणि डांबर अशा मिश्र वाटांसाठी बनवलेली सायकल. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले; टायर मात्र साधारण ३५ ते ५० मिमी. रुंद. सुटे भाग निवडून ती जुळवताना पहिला प्रश्न सांगाड्याचा : त्यात रुंद टायर मावून वर चिखलालाही जागा उरली पाहिजे. कार्बनच्या सांगाड्याचा मोह आवरावा. पोलाद जड, पण तुटल्यास वेल्डिंगने सांधता येते. बाकीची निवड वाटेनुसार : उदा., ठाण्याच्या मानपाड्याहून घोडबंदर रस्त्याचे डांबर आणि येऊर डोंगराचा चढ दोन्ही जवळ. त्या चढासाठी पुढची दातेरी चकती लहान, मागची मोठी घ्यावी. कोकणी पावसात रिमब्रेकपेक्षा डिस्कब्रेक भरवशाचे. ट्यूबलेस टायरात हवा कमी ठेवता येते, बारीक छिद्रे आतला द्रव बुजवतो. ग्रॅव्हल सायकलिंगची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०२२ मध्ये इटलीत झाली.