बाकांवर मांडलेला गावचा इतिहास

राजघराण्यांचा इतिहास लिहिणाऱ्यापुढे वंशावळी, तहनामे आणि लढायांच्या तारखा तयार असतात. गावचा इतिहास लिहू पाहणाऱ्यापुढे मात्र पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, की आरंभ कोणापासून करावा? इंग्लंडात वेल्सच्या सीमेला लागून असलेल्या श्रॉपशर परगण्यातील एका वृद्ध शेतकऱ्याने हा प्रश्न फार सोप्या रीतीने सोडविला. त्याचे नाव रिचर्ड गॉफ. श्रूझबरी शहराच्या उत्तरेस सुमारे ८ मैलांवर मिडल नावाचा पॅरिश आहे. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील गाव आणि त्याभोवतीच्या वाड्या. त्या हद्दीतील न्यूटन या वाडीत गॉफची स्वतःच्या मालकीची जमीन होती. तो जन्मला १६३५ साली. वयाची पासष्टी गाठल्यावर, १७०० साली, त्याने प्रथम पॅरिशची जुनी माहिती लिहून काढली आणि १७०१ मध्ये दुसऱ्या, अधिक मोठ्या कामास हात घातला. मिडलच्या चर्चमधील बाकांचा त्याने एक नकाशा काढला आणि एकेका बाकापाशी थांबून, तेथे बसणाऱ्या कुटुंबांची हकीकत सांगावयास आरंभ केला.

बाकांचा आधार घेण्यात मोठा अर्थ होता. त्या काळी चर्चमध्ये हवे तेथे बसण्याची मुभा नव्हती. बाक हे माणसाचे नसून घराचे व जमिनीचे असे. शेत विकले गेले की बाकावरील हक्कही नव्या मालकाकडे जाई. जमिनीचे वाटे पडले की बाकाचेही पडत. पुढच्या रांगांत जमीनदार आणि सधन शेतकरी, त्यांच्या मागे कुळे आणि अगदी मागे झोपडीवजा घरांत राहणारे मजूर, अशी ती मांडणी असे. मानपानाचे हे तंटे अनेकदा विकोपास जात, आणि कोणते बाक कोणाचे याची खातरजमेची नोंद व्हावी, हा गॉफचा एक व्यावहारिक हेतू होताच. परंतु मागच्या बाकांवरही कोणीतरी बसत होते आणि नकाशा पुरा करावयाचा तर त्यांनाही वगळून चालणार नव्हते. ज्यांच्याविषयी एरवी जन्म, विवाह आणि दफन या तीन ओळींपलीकडे काहीच उरले नसते, अशी माणसे त्यामुळे त्याच्या पानांवर आली.

आणि ती आली तीही आपल्या गुणदोषांसह. कोणाची शेती दारूच्या गुत्त्यात बुडाली, कोणाच्या मुलीने बापाला न आवडणारा नवरा केला, कोणता वारस भांडखोर निघाला, हे सारे गॉफ निःसंकोच सांगतो. एक गृहिणी रोज गुत्त्यावर जाई. तिच्या नवऱ्याला तिच्या उधारीपायी एकाच वेळी १० पौंड मोजावे लागत. तीन बायकांनी एकाच रात्री आपापल्या नवऱ्यांना विष घालण्याचा बेत केल्याची कथाही तेथे आहे. त्यांपैकी एकच नवरा मेला, दोघे कसेबसे वाचले. शेजाऱ्यांविषयी इतके उघड लिहिणाऱ्या माणसाला गावात फारसे मित्र उरले असते की नाही, कोण जाणे! पण ग्रंथ त्याच्या हयातीत छापला गेला नाही. गॉफ १७२३ मध्ये वारला. ग्रंथाचा काही भाग १८३४ साली आणि संपूर्ण ग्रंथ १८७५ साली प्रसिद्ध झाला. पुढे डेव्हिड हे या इतिहासकाराने पॅरिशच्या नोंदवह्या, मृत्युपत्रे व इतर कागद यांच्याशी गॉफचे लेखन ताडून पाहिले आणि १९७४ मध्ये मिडलवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. म्हाताऱ्याची स्मृती बहुतांशी विश्वासार्ह ठरली.

तरीही गॉफ निःपक्षपाती होता असे म्हणता येणार नाही. तो पुढच्या बाकांच्या नजरेने पाहतो. गोरगरिबांच्या पोषणाचा भार त्या काळी पॅरिशवर कर बसवून उचलला जाई आणि १६६२ च्या कायद्यानंतर एखादा निराधार मनुष्य नेमका कोणत्या पॅरिशचा, यावरून शेजारच्या गावांत दावे चालत. अशा दाव्यांना गॉफने ग्रंथाचा शेवटचा भाग दिला आहे. त्यात त्याला चिंता आहे ती आपल्या पॅरिशवरचा बोजा टळला की नाही याची; या गावातून त्या गावात ढकलल्या जाणाऱ्या माणसाचे काय झाले, याकडे त्याचे लक्ष क्वचितच जाते.

याच गॉफने यादवी युद्धाविषयी लिहिलेली पाने मात्र फार वेगळी आहेत. १६४२ साली राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध जुंपले, तेव्हा राजपक्षाचे सर पॉल हॅरिस यांनी भोवतालच्या लोकांना मिडलच्या टेकडीवर बोलाविले. सैन्यात येणाऱ्यास आठवड्याला १४ ग्रोट मिळतील, असे तेथे पुकारण्यात आले. ग्रोट म्हणजे चार पेनींचे नाणे. लहानगा गॉफ ती गर्दी पाहावयास गेला होता. साठ वर्षांनंतर त्याने हिशेब मांडला : मिडल, मार्टन आणि न्यूटन या तीन वस्त्यांतून वीस जण राजाच्या बाजूने गेले, त्यांतले तेरा मारले गेले. तीन लहान वस्त्यांची ही स्थिती, तर साऱ्या इंग्लंडात किती हजार मेले असतील, असे अनुमानही त्याने काढले.

पार्लमेंटच्या बाजूने पॅरिशमधून थोडेच लोक गेले. त्यांपैकी जॉन मोल्डच्या पायात गोळी शिरून हाड मोडले आणि तो पाय जन्मभर वाकडाच राहिला.

राजाकडे गेलेल्या वीस जणांत एक भटका शिंपीही होता. त्याला घर नव्हते; मिळेल तेथे काम करीत तो गावोगाव हिंडे. घर नाही म्हणून चर्चमध्ये त्याचे बाकही नव्हते, तरी गॉफने त्याला यादीतून गाळले नाही. दुसरा रिचर्ड चॅलोनर. तो अनौरस मुलगा. त्याच्या पोटापाण्याची सोय अंशतः पॅरिशच्याच खर्चाने झालेली. अंगाने थोराड झाल्यावर तो श्रूझबरीस जाऊन सैन्यात दाखल झाला. २३ ऑक्टोबर १६४२ रोजी एजहिल येथे जी लढाई झाली, तीत तो होता. त्यानंतर त्याची काहीच खबर गावाकडे आली नाही.