ऑटोमॅटिक गाडीतला मॅन्युअल मोड: पॅडल ओढल्यावर आत काय होतं आणि तो खरा कधी लागतो

स्टिअरिंगच्या मागे दोन पात्या दिसल्या की गाडीत पहिल्यांदा बसलेला कुणीही त्या ओढून बघतो. उजवीकडे अधिकचं चिन्ह, डावीकडे उण्याचं. हे पॅडल शिफ्टर आधी फक्त फेरारी, पोर्शे अशा गाड्यांत असायचे. आता ह्युंदाई आय20 एन लाइन किंवा फोक्सवॅगन व्हर्टस जीटी अशा, आपल्याकडे सोसायटीच्या पार्किंगमध्ये सहज दिसणाऱ्या गाड्यांतही ते आहेत. पहिल्या आठवड्यातलं कौतुक संपलं की बहुतेक जण लिव्हर डी वर टाकतात आणि पात्या विसरून जातात. शहरात त्याने काहीच बिघडत नाही. पण घाट उतरताना हाच मोड तुमचे ब्रेक वाचवतो, आणि ही गोष्ट गाडी विकणारा सहसा सांगत नाही. त्याला स्पोर्टी फील विकायचा असतो.

मी हे व्हर्टस जीटीवर शिकलो, म्हणून उदाहरणं तिचीच देतो. तत्त्व मात्र पोर्शे 911 लाही तेच लागू होतं.

पॅडल म्हणजे हुकूम नाही, अर्ज आहे

क्लचवाल्या गाडीत तुमचा हात लिव्हरमधून थेट गिअरबॉक्सपर्यंत पोचतो. पॅडलच्या मागे असं काहीच नसतं, फक्त एक स्विच असतो. तो दाबला की गिअरबॉक्सच्या कंट्रोलरला, म्हणजे टीसीयू नावाच्या छोट्या कॉम्प्युटरला, निरोप जातो: एक गिअर खाली हवाय. टीसीयू वेग बघतो, इंजिनाचे फेरे बघतो, गिअरबॉक्सचं तापमान बघतो आणि मग ठरवतो. माझ्या रोजच्या कामात सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवतात तसंच हे. रिक्वेस्ट नियमात बसली तर काम होतं, नाही बसली तर नकार येतो.

नकार का येतो ते आकड्यांत बघा. समजा, तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर 1.5 आहे आणि दुसऱ्याचं 2.4. तिसऱ्यात इंजिन 3000 आरपीएमवर असताना दुसरा टाकला तर त्याच वेगाला इंजिनाला 4800 वर फिरावं लागेल. चालेल. पण तिसऱ्यात 6000 वर असताना दुसरा मागितला तर हिशोब 9600 वर जातो. साध्या पेट्रोल इंजिनाचे व्हॉल्व्ह तिथे पिस्टनवर आपटू शकतात. क्लचवाल्या गाडीत घाईत चुकीचा गिअर पडला तर नेमकं हेच होतं आणि इंजिन उघडायची वेळ येते. ऑटोमॅटिकमध्ये टीसीयू तुमचा अर्ज सरळ बाजूला ठेवतो. काही गाड्या अशा वेळी बीप वाजवतात, काही गप्प बसतात. पॅडल बिघडलं असं समजून परत परत ओढू नका. वेग कमी करा आणि मग मागा.

उलट बाजूलाही टीसीयूचा हात असतो. सिग्नलला थांबताना तुम्ही तिसऱ्यातच राहिलात तर तो स्वतःच खालचे गिअर टाकत पहिल्यावर येतो, नाहीतर इंजिन बंद पडेल. रेडलाइनला पोचलात तर बहुतेक रोजच्या गाड्या मॅन्युअल मोडमध्ये असूनही वरचा गिअर स्वतः टाकतात. काही अस्सल स्पोर्ट्स कार मात्र तसं करत नाहीत. त्या लिमिटरवर अडखळत राहतात आणि तुमची वाट बघतात. आपली गाडी यातली कोणती, हे मॅन्युअलमध्ये वाचून ठेवा. ओव्हरटेक करता करता ते कळण्यात अर्थ नाही.

आतली यंत्रणा

व्हर्टस जीटीत सात गिअरचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स आहे, ज्याला फोक्सवॅगन डीएसजी म्हणते. पोर्शेचा पीडीके हाही याच जातीचा. यात क्लच दोन असतात. एकाकडे विषम गिअर, दुसऱ्याकडे सम. तुम्ही तिसऱ्यात वेग घेत असता तेव्हा दुसऱ्या क्लचच्या शाफ्टवर चौथा आधीच लावून ठेवलेला असतो. तुम्ही अधिकचं पॅडल ओढलं की एक क्लच सुटतो आणि त्याच क्षणी दुसरा धरतो. म्हणून धक्का जवळजवळ जाणवत नाही.

आता यातली मेख. टीसीयूने अंदाज बांधून चौथा लावून ठेवलाय आणि तुम्ही अचानक दुसरा मागितला, तर आधी चौथा काढायचा, मग दुसरा लावायचा, मग क्लच बदलायचा. पाव-अर्धा क्षण जातो आणि आपल्याला वाटतं गाडी ऐकत नाहीये. चौथ्यावरून थेट दुसरा हवा असेल तर आणखी गोची, कारण दोन्ही एकाच क्लचवर आहेत. त्यामुळे डीएसजीत खालचे गिअर एकेक करून, जरा दम देऊन टाकलेले बरे पडतात. खाली जाताना टीसीयू इंजिनाचे फेरे स्वतः वाढवून नव्या गिअरशी जुळवतो. तो जो छोटासा हुंकार ऐकू येतो ना, तो याचाच.

बाकी प्रकार थोडक्यात. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असतं, त्यामुळे प्रतिसाद थोडा मऊ लागतो, पण इंजिन ब्रेकिंग छान मिळतं. एएमटी म्हणजे साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि लिव्हर मोटर हलवते. गिअर बदलताना मान हलते ती म्हणूनच, आणि त्या क्षणी ॲक्सिलरेटर किंचित सोडला तर बरंच सुसह्य होतं. सीव्हीटीत गिअरच नसतात. तिथे पॅडलवर दिसणारे सहा-सात गिअर म्हणजे सॉफ्टवेअरने ठरवलेले थांबे.

ही कल्पना रेसिंगमधून आली. 1989 साली फेरारीने फॉर्म्युला वनमध्ये पॅडलवर चालणारा सेमी-ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणला आणि नायजेल मॅन्सेलने ब्राझीलमधली पहिलीच शर्यत त्यावर जिंकली. रस्त्यावरच्या गाडीत फेरारीने पॅडल दिले 1997 मध्ये, एफ355 ला. ड्युअल क्लच सर्वसामान्य विक्रीच्या गाडीत पहिल्यांदा 2003 च्या गोल्फ आर32 मध्ये आला, आणि 911 ला पीडीके मिळाला 2008 मध्ये.

हात बसवताना

मोकळा, ओळखीचा रस्ता निवडा. पहिला अर्धा तास पॅडलला हात लावू नका. डी मध्येच चालवा आणि डिस्प्लेवर दिसणारा गिअर आणि आरपीएम बघत राहा. तुमच्या लक्षात येईल की गाडी पेट्रोल वाचवायला किती लवकर वरचा गिअर टाकते. मग लिव्हर मॅन्युअलच्या खाचेत घ्या आणि तेच काम स्वतः करा.

गिअर कधी बदलायचा याला ठरलेला आकडा नाही, पण इंजिनाचा स्वभाव माहीत असला की अंदाज येतो. व्हर्टस जीटीचं 1.5 लिटर टर्बो इंजिन 250 न्यूटन मीटर टॉर्क 1600 ते 3500 आरपीएममध्ये देतं, आणि 150 पीएस ताकद 5000 ते 6000 मध्ये. म्हणजे रोजच्या चालवण्यात 2500-3000 ला वरचा गिअर टाकला तरी गाडी मस्त ओढते. रेडलाइनपर्यंत ताणणं व्हिडिओत बरं दिसतं, टर्बो गाडीत त्याची गरज क्वचितच पडते.

लिव्हरने गिअर बदलत असाल तर दिशा तपासा. फोक्सवॅगनमध्ये पुढे ढकललं की वरचा गिअर. बीएमडब्ल्यू आणि माझदामध्ये उलटं, मागे ओढलं की वरचा. मला दुसरी पद्धत जास्त पटते, कारण ब्रेक मारताना अंग पुढे जातं आणि त्याच वेळी खालचा गिअर हवा असतो. मित्राची गाडी चालवायला घेतलीत तर निघायच्या आधी हे बघून घ्या.

डी मध्ये असतानाही पॅडल ओढता येतं. मग गाडी तात्पुरती मॅन्युअल होते आणि थोड्या वेळाने आपणहून डी वर परतते. अनेक गाड्यांत अधिकचं पॅडल क्षणभर धरून ठेवलं तरी ती परतते. ओव्हरटेकसाठी हे पुरेसं आहे. दोन पदरी रस्त्यावर एसटीच्या मागे 60 च्या वेगात आहात असं समजा. डी मध्ये पाय दाबल्यावर टीसीयूने विचार करायचा, दोन गिअर खाली यायचं, टर्बो भरायचा, यात एखादा सेकंद सहज जातो. तेवढ्यात तुम्ही 17 मीटर पुढे गेलात, आणि समोरून येणाराही 60 वर असेल तर तुमच्यातलं अंतर 33 मीटरने कमी झालं. त्याऐवजी एसटीच्या मागे असतानाच गिअर खाली घेऊन ठेवा. बाहेर पडताना गाडी तयार असते. आणि खालचा गिअर घेऊनही समोरचा रस्ता दिसत नसेल, तर तो ओव्हरटेक करायचाच नाही.

घाट उतरताना

सगळा खटाटोप खरा इथे कामाला येतो. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी पाचशे मीटरहून जास्त खाली येते. माणसं-सामान धरून गाडी 1500 किलोची असेल तर 500 मीटरच्या उताराला सुमारे 73.5 लाख जूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. तेवढ्या उष्णतेत 25 अंशाचं 23 लिटर पाणी उकळीला येतं, म्हणजे आंघोळीच्या बादलीपेक्षा जास्तच. यातली काही हवा आणि टायर खातात, पण डी मध्ये पूर्ण घाटभर ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर उरलेली बरीचशी चार चाकांच्या ब्रेकमध्ये जाते. आधी पॅड तापून पकड कमी होते. मग ब्रेक फ्लुइड. नव्या डॉट 4 फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश असतो, पण ते हवेतली ओल शोषतं आणि ओलावलेल्या फ्लुइडचा हाच आकडा 155 पर्यंत उतरू शकतो. ते उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल पोकळ खाली जातं.

खालच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की हे काम इंजिन करतं. थ्रॉटल बंद असतो, चाकं इंजिनाला फिरवत असतात आणि हवा ओढण्यात, घर्षणात ऊर्जा खर्च होते. ट्रकवाल्यांचा जुना नियम आहे: ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं. सात गिअरच्या गाडीत तो जसाच्या तसा बसत नाही, म्हणून मी वेगळी खूण वापरतो. दोन्ही पेडलवरून पाय काढल्यावर गाडीचा वेग वाढत नसेल तर गिअर बरोबर. वाढत असेल तर ब्रेक मारून वेग कमी करायचा आणि आणखी एक खाली. आरपीएम 3000-4000 वर गेला आणि आवाज वाढला म्हणून घाबरायचं कारण नाही, इंजिन त्यासाठीच बनलंय. लिव्हर मात्र मॅन्युअलच्या खाचेतच ठेवा. डी मध्ये पॅडल ओढून मिळालेला तात्पुरता गिअर भर उतारावर सुटून वरचा पडू शकतो.

ब्रेक लागणारच. पण वळणाआधी ठामपणे मारायचे आणि सोडायचे, सतत हलके घासत ठेवायचे नाहीत. गिअरही वळण सुरू व्हायच्या आधीच बदला. व्हर्टससारख्या गाडीत पात्या स्टिअरिंगबरोबर फिरतात, आणि कोपऱ्यासारख्या वळणावर स्टिअरिंग अर्धं फिरलं की उजवी पाती डाव्या हाताला येते. फेरारीत त्या स्टिअरिंगच्या दांड्याला पक्क्या असतात, तिथे हा प्रश्न नाही. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर एकदम दोन गिअर खाली टाकू नका, कारण चाकांना झटका बसून पकड सुटू शकते. व्हर्टसची पुढची चाकं ओढतात. मागच्या चाकांवर चालणाऱ्या 911 मध्ये तोच झटका मागच्या बाजूला बसतो आणि गाडीचं शेपूट घसरतं.

आता एक गैरसमज. पेट्रोल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणारे अजून खूप आहेत. कार्ब्युरेटरच्या काळात त्यात थोडं तथ्य असेल. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की, आरपीएम आयडलच्या बऱ्यापैकी वर असेपर्यंत, इंजेक्टर बंदच असतात. पेट्रोल शून्य. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. म्हणजे वाचत काहीच नाही, आणि इंजिन ब्रेकिंग जातं. इंजिनच बंद करणं तर फारच वाईट, कारण ब्रेकला मिळणारी मदत दोन-चार दाबांत संपते आणि स्टिअरिंग जड होतं.

हे सगळं गाडी स्वतः करत नाही का? थोडं करते. बऱ्याच टीसीयूंना उतार कळतो आणि ब्रेक मारल्यावर ते गिअर खाली घेतात. पण त्यांना पुढचं वळण दिसत नाही, ते तुम्हाला दिसतं. रोल्स-रॉइसने 2013 च्या रेथमध्ये जीपीएसवरून पुढचा रस्ता ओळखून गिअर निवडणारी यंत्रणा दिली, पण ती गाडी आपल्या गप्पांपुरतीच.

इलेक्ट्रिक गाडीतले पॅडल

टाटा नेक्सॉन ईव्हीच्या स्टिअरिंगमागेही पात्या आहेत, पण तिथे गिअर नाहीत. त्या रीजनची पातळी कमी-जास्त करतात, म्हणजे पाय सोडल्यावर मोटर किती जोराने गाडी रोखेल आणि बॅटरीत वीज परत टाकेल ते ठरवतात. ह्युंदाई आयोनिक 5 एन मध्ये तर पॅडल ओढल्यावर आठ गिअरच्या गाडीसारखा धक्का आणि आवाज मुद्दाम तयार केला जातो. मला हा प्रकार गमतीशीर वाटतो, आणि चालवणाऱ्यांना तो आवडतो हेही खरं. घाटासाठी एवढं लक्षात ठेवा की बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर परत येणारी वीज ठेवायला जागाच नसते आणि रीजन कमी होतं. म्हणून लोणावळ्यात चार्जिंगला थांबलात आणि पुढे खाली उतरायचं असेल, तर 80-85 टक्क्यांवर केबल काढा.