पीपल्स स्क्वेअर मेट्रो स्थानक, शांघाय
पीपल्स स्क्वेअर हे चीनमधील शांघाय महानगराच्या मध्यभागातील भुयारी मेट्रो स्थानक. हुआंगपू जिल्ह्यात, याच नावाच्या सार्वजनिक चौकाखाली आणि त्याला लागून असलेल्या रस्त्यांखाली ते पसरले आहे. शहराच्या मेट्रो जाळ्यातील १, २ आणि ८ क्रमांकाच्या मार्गिका येथे एकत्र येतात. गाडी बदलण्यासाठी येणाऱ्या प्रवाशांमुळे शांघायमधील सर्वांत गर्दीच्या स्थानकांत त्याची गणना होते.

स्थानकावरील जमिनीचा इतिहास जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात परकीय वसाहतीतील ब्रिटिश रहिवाशांनी येथे घोड्यांच्या शर्यतींचे मैदान आखले. शर्यत आणि तिच्यावरचा जुगार हा पुढे ऐंशीएक वर्षे शांघायच्या सार्वजनिक जीवनाचा भाग होता. साम्यवादी राजवट आल्यावर १९५१ साली मैदान सरकारच्या ताब्यात गेले. त्याच्या उत्तर भागात उद्यान झाले, तर दक्षिण भागात मिरवणुका आणि सभांसाठी मोकळा चौक ठेवण्यात आला. मैदानाच्या कडेने वळत गेलेले काही रस्ते तसेच राहिल्याने नकाशात जुन्या धावपट्टीचा आकार अजून ओळखता येतो. रेस क्लबची १९३०च्या दशकातील घड्याळ-मनोऱ्याची इमारतही टिकून आहे. ग्रंथालय आणि कलासंग्रहालय अशा भूमिका पार पाडून ती आता शहराच्या इतिहासाचे संग्रहालय झाली आहे.

या मोकळ्या जागेमुळेच येथे मोठे स्थानक बांधणे शक्य झाले. शांघायची जमीन नदीच्या गाळाची, मऊ आणि पाण्याने भरलेली असून भूजल पृष्ठभागापासून फार खाली नाही. अशा जमिनीत स्थानकाचा खड्डा खणायचा तर आधी काँक्रीटच्या खोल भिंती उतरवाव्या लागतात आणि त्यांच्या आतली माती टप्प्याटप्प्याने काढावी लागते. स्थानकांमधील बोगदे पोलादी कवच असलेल्या यंत्रांनी, समोरच्या मातीचा दाब सांभाळत, पोखरले जातात. दाट वस्तीत हे काम करताना आजूबाजूच्या इमारती खचण्याचा धोका असतो. चौकात निदान खड्ड्यासाठी हात-पाय पसरायला जागा होती.

स्थानक एका आराखड्यानुसार एकदम उभे राहिलेले नाही. पहिली मार्गिका शहराच्या दक्षिणेकडून शांघाय रेल्वे स्थानकापर्यंत १९९५ साली सुरू झाली, तेव्हा पीपल्स स्क्वेअर हे तिच्यावरचे एक साधे स्थानक होते. पूर्व-पश्चिम धावणारी दुसरी मार्गिका १९९९मध्ये प्रायोगिक स्वरूपात आणि २०००मध्ये नियमितपणे सुरू झाली. हुआंगपू नदीखालून पलीकडच्या पुडाँग भागात जाणारी ही शहरातील पहिली मेट्रो होती. तिचा फलाट मात्र पहिल्या मार्गिकेच्या फलाटापासून बराच दूर, नानजिंग रस्त्याच्या बाजूला होता. त्यामुळे गाडी बदलणाऱ्यांना लांब बोगदावाटेतून चालत जावे लागे. नदीपलीकडे नवे कार्यालयीन शहर उभे राहत होते, आणि रोज सकाळी दक्षिणेकडून व उत्तरेकडून आलेला लोंढा त्या एकाच वाटेतून पुडाँगच्या गाड्यांकडे सरकत असे. २००४मध्ये पहिली मार्गिका उत्तरेला बाओशान जिल्ह्याकडे वाढवल्यावर हा ताण आणखी वाढला.

आठव्या मार्गिकेने स्थानकाची रचनाच पालटली. २९ डिसेंबर २००७ रोजी तिचा पहिला टप्पा खुला झाला. शीत्सांग मध्य रस्त्याच्या बाजूने जाणारा तिचा भाग पहिल्या मार्गिकेच्या जवळ आहे. त्यामुळे या दोन मार्गिकांमध्ये गाडी बदलणे सोपे, तर दुसऱ्या मार्गिकेकडे जाणे अजूनही काहीसे लांबचे आहे. त्याच सुमारास तिन्ही फलाटांना जोडणारे प्रशस्त भूमिगत दालन वापरात आले. या दालनात उतारूंना दिशा वाटून दिलेल्या असतात. गर्दीच्या वेळी लोखंडी कठडे लावून मार्ग एकदिशा केले जातात, त्यामुळे समोर दिसणाऱ्या जिन्याकडे जाण्यासाठीही वळसा घ्यावा लागतो. नवख्याला हा प्रकार त्रासदायक वाटतो. पण समोरासमोर येणारे दोन प्रवाह एकमेकांत अडकू न देण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.

आठव्या मार्गिकेची एक अडचण आजही जाणवते. पहिल्या दोन मार्गिकांवर रुंद डब्यांच्या, आठ डब्यांपर्यंतच्या गाड्या धावतात, तर आठवीवर अरुंद डब्यांच्या सहा किंवा सात डब्यांच्या. ही मार्गिका उत्तरेच्या यांगपू भागातील दाट निवासी वस्तीतून येते. प्रवासीसंख्येचा अंदाज कमी धरून गाडीचा आकार ठरवला की पुढे फलाटांची लांबी आणि बोगद्यांचा व्यास बदलता येत नाही, याचा प्रत्यय सकाळी येथील फलाटावर येतो.

स्थानकाला वीसच्या आसपास क्रमांकित दरवाजे आहेत. योग्य दरवाजा निवडणे येथे महत्त्वाचे, कारण चुकीच्या दरवाजातून वर आले तर मोठा रस्ता ओलांडून किंवा पुन्हा खाली उतरून जावे लागते. १९ क्रमांकाचा दरवाजा नानजिंग रस्त्याच्या पादचारी भागाजवळ निघतो. चौकाच्या बाजूने महानगरपालिकेचे मुख्यालय, नगरनियोजन प्रदर्शन केंद्र, ग्रँड थिएटर आणि प्राचीन कांस्यपात्राच्या आकाराची शांघाय संग्रहालयाची इमारत गाठता येते. यांतील बहुतेक इमारती १९९०च्या दशकात, मेट्रोच्या बरोबरीनेच उभ्या राहिल्या. महानगरपालिकेचे कार्यालयही १९९५ साली नदीकाठच्या बंडवरून येथे आले. उत्तरेला नानजिंग रस्त्यावर १९३४चे पार्क हॉटेल आहे. हंगेरियन वंशाचे वास्तुकार लाझ्लो हुदेक यांनी रचलेली ही इमारत १९८०च्या दशकापर्यंत शहरातील सर्वांत उंच होती. शेजारच्या उद्यानात शनिवार-रविवारी आईवडील आपल्या अविवाहित मुलामुलींची माहिती कागदावर लिहून मांडतात. हा विवाहबाजार पाहायला पर्यटकही येतात.

जमिनीखालीही वस्ती कमी नाही. स्थानकाच्या भोवती भूमिगत दुकानांच्या गल्ल्या आहेत, आणि काही दरवाजे थेट मोठ्या व्यापारी संकुलांच्या तळमजल्यांत उघडतात. पावसाळी दिवसांत अनेक जण चौक ओलांडण्यासाठी याच भुयारी वाटा वापरतात.

प्रवेश करताना सामानाची तपासणी होते. २०१०च्या जागतिक प्रदर्शनाच्या काळात ही पद्धत शहरभर पक्की झाली. भाडे अंतरानुसार असून पहिल्या ६ किलोमीटरसाठी ३ युआन आणि त्यापुढे दर १० किलोमीटरला १ युआन आकारला जातो. मार्गिका बदलल्याबद्दल वेगळे पैसे पडत नाहीत. दुसरी मार्गिका २०१०पासून पुडाँग आणि होंगछियाओ या दोन्ही विमानतळांना जोडत असल्याने सामानासह येणारे प्रवासीही येथे नेहमी दिसतात. राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीत बंडवरील गर्दी आटोक्यात ठेवण्यासाठी शेजारचे नानजिंग पूर्व रस्ता स्थानक संध्याकाळी अनेकदा बंद ठेवतात. त्या वेळी नदीकडे जाणारे बरेच लोक येथेच उतरून पादचारी रस्त्याने पायी जातात.