व्हिशस (दूरचित्रवाणी मालिका)

व्हिशस ही ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर २०१३ ते २०१६ या काळात प्रसारित झालेली प्रसंगनिष्ठ विनोदी मालिका आहे. लंडनच्या कॉव्हेंट गार्डन भागात सुमारे पन्नास वर्षे एकत्र राहिलेल्या फ्रेडी आणि स्टुअर्ट या वृद्ध समलिंगी जोडप्याचा संसार हा तिचा विषय होय. फ्रेडीची भूमिका इयान मॅकेलन यांनी, तर स्टुअर्टची डेरेक जॅकोबी यांनी केली. ‘व्हिशस’ म्हणजे विखारी. मालिकेचे आधी योजलेले नाव ‘व्हिशस ओल्ड क्वीन्स’ असे होते. इंग्रजी बोलीत ‘क्वीन’ हा शब्द बायकी ढंगाच्या समलिंगी पुरुषासाठी हेटाळणीने वापरला जातो, आणि समलिंगी पुरुषांनी तो थट्टेने स्वतःसाठीही स्वीकारला आहे.

स्वरूप

मालिकेची निर्मितिकल्पना अमेरिकन लेखक गॅरी जॅनेटी आणि ब्रिटिश नाटककार मार्क रेव्हनहिल यांची. जॅनेटी हे ‘विल अँड ग्रेस’ या अमेरिकन विनोदी मालिकेचे एक लेखक होते. दिग्दर्शन एड बाय यांनी केले. चित्रीकरण प्रेक्षकांसमोर, प्रामुख्याने एकाच दिवाणखान्याच्या नेपथ्यावर झाले. त्यामुळे मालिका पाहताना रंगमंचावरील प्रहसन पाहत असल्याचा भास होतो. शीर्षकगीत म्हणून ‘द कम्युनार्ड्स’ या गायकवृंदाने गायिलेले ‘नेव्हर कॅन से गुडबाय’ वापरले आहे.

पात्रे आणि विनोद

फ्रेडी हा फारसे नाव न कमावलेला नट. ‘डॉक्टर हू’ या मालिकेतील आपल्या छोट्याशा भूमिकेचा तो येता-जाता दाखला देतो. स्टुअर्ट पूर्वी मद्यगृहात काम करी. आता तो घर सांभाळतो. आपण फ्रेडीसोबत कोणत्या नात्याने राहतो हे त्याने वृद्ध आईला इतक्या वर्षांत सांगितलेले नाही. बाल्थझार नावाच्या म्हाताऱ्या कुत्र्याची हालचाल बराच वेळ दिसली नाही, की तो जिवंत आहे ना, याची खात्री करून घ्यावी लागते. घराचे पडदे सदैव ओढलेले असतात. वरच्या मजल्यावर राहायला आलेला तरुण ॲश (इवान रिऑन) ते उघडतो, तेव्हा दोघे उन्हाचा चटका बसल्यासारखे आक्रसतात. मैत्रीण व्हायोलेट (फ्रान्सेस द ला टूर), विसराळू पेनेलपी (मार्शिया वॉरन) आणि तुसडा मेसन (फिलिप व्हॉस) यांचे येणे-जाणे चालू असते.

दोघांचे बोलणे म्हणजे टोमण्यांची अखंड सरबत्ती. वय, रूप, पोशाख, फसलेली कारकीर्द – एकमेकांची कोणतीही उणीव सुटत नाही. नेमके कोठे बोचेल हे ठाऊक होण्यासाठी मात्र दीर्घ सहवास लागतो. ही भांडणे कोणत्याही मुरलेल्या संसारातली वाटतात आणि मालिकेची खरी गंमत तेथेच आहे. प्रेमाचा शब्द उच्चारताना हे वाक्पटू गृहस्थ अडखळतात. असे क्षण मोजके आहेत, म्हणूनच ते लक्षात राहतात.

ऐतिहासिक संदर्भ

पन्नास वर्षे मागे मोजल्यास या सहजीवनाचा आरंभ १९६०च्या दशकाच्या मध्यात येतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये २१ वर्षांवरील पुरुषांमधील संमतीचे खाजगी समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळणारा कायदा १९६७ साली झाला. म्हणजे हे घर उभे राहिले तेव्हा ते कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगारांचे घर होते. ओढलेले पडदे आणि आईपासून राखलेले गुपित यांतील विनोद या पार्श्वभूमीवर निराळाच वाटतो. समलिंगी जोडप्यांना नागरी भागीदारीची नोंदणी करण्याची मुभा २००५ अखेरीस मिळाली. विवाहाचा कायदा जुलै २०१३ मध्ये संमत झाला आणि पहिले विवाह मार्च २०१४ मध्ये लागले. पहिले पर्व प्रसारित होत असताना त्या कायद्याचे विधेयक संसदेपुढे होते. दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस फ्रेडी आणि स्टुअर्ट विवाहबद्ध होतात.

यापूर्वी चार्ल्स डायर यांच्या ‘स्टेअरकेस’ या नाटकावरील १९६९ च्या चित्रपटात रिचर्ड बर्टन आणि रेक्स हॅरिसन यांनी प्रौढ समलिंगी जोडपे रंगवले होते. दोघेही स्वतः समलिंगी नव्हते. ‘व्हिशस’चे दोन्ही नायक मात्र उघडपणे समलिंगी आहेत. मॅकेलन यांनी १९८८ मध्ये, समलैंगिकतेच्या ‘प्रचारा’ला बंदी घालणाऱ्या कलम २८ वरील चर्चेत, बीबीसी रेडिओवर ही गोष्ट जाहीर केली, पुढे ते ‘स्टोनवॉल’ या हक्क-संघटनेचे एक संस्थापक झाले. दोघे केंब्रिज विद्यापीठातील विद्यार्थिदशेपासूनचे परिचित. संवादफेकीतील त्यांचा सहज मेळ पाहता हा तपशील गौण म्हणता येत नाही.

प्रतिसाद

समीक्षकांचे मत विभागलेले राहिले. मांडणी १९७०च्या दशकातील मालिकांसारखी जुनाट आहे, अभिनय भडक आहे, समलिंगी पुरुषांविषयीचे ठरीव साचे गिरवले आहेत, असे आक्षेप आले. पहिल्या भागात व्हायोलेटच्या तोंडी घातलेला बलात्कारविषयक विनोद विशेष टीकेचा विषय झाला, आणि ती टीका रास्तच होती. जुनाटपणाच्या आक्षेपाला दुसरी बाजूही आहे : ज्या काळात अशा कौटुंबिक मालिका घरोघरी पाहिल्या जात, त्या काळात अशा जोडप्याला त्यांत मध्यवर्ती स्थान मिळत नसे. फ्रान्सेस द ला टूर यांना २०१४ च्या बाफ्टा दूरचित्रवाणी पुरस्कारांत विनोदी अभिनयासाठी नामांकन मिळाले.

प्रसारण

पहिले पर्व २९ एप्रिल २०१३ रोजी सुरू झाले. त्याच वर्षी नाताळचा विशेष भाग झाला. दुसरे पर्व २०१५ मध्ये आणि समारोपाचा विशेष भाग डिसेंबर २०१६ मध्ये प्रसारित झाला. अमेरिकेत ही मालिका पीबीएस या सार्वजनिक वाहिनीजाळ्यावर दाखवण्यात आली.